प्रतीक्षायादीचे अर्थशास्त्र : वैद्यकीय प्रवेश आणि अनिश्चितता

वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठीची राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजेच 'नीट', २०२४ साली ५ मे रोजी पार पडली. त्याच वर्षी २० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने रिक्त राहिलेल्या वैद्यकीय जागांसाठी विशेष फेरी घेण्याचे आदेश दिले आणि ही प्रक्रिया ३० डिसेंबरपूर्वी पूर्ण करण्यास सांगितले. परीक्षा आणि अखेरचा प्रवेश यांत जवळजवळ आठ महिन्यांचे अंतर पडले. पहिल्या फेरीत ज्यांना जागा मिळाली ते तोवर शवविच्छेदनाच्या टेबलाशी सरावले होते. त्यांच्याहून काही शे क्रमांक मागे असलेले विद्यार्थी मात्र घरी बसून पुढच्या फेरीच्या निकालाची वाट पाहत होते. परीक्षेची तयारी कशी करावी यावर देशात विपुल साहित्य उपलब्ध आहे. परीक्षेनंतरच्या या आठ महिन्यांत निर्णय कसे घ्यावेत, यावर मात्र फारसे लिहिले जात नाही. हा प्रश्न मानसशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

न दिसणारी यादी

भारतातील वैद्यकीय प्रवेशात रूढ अर्थाने नावनिशीवार प्रतीक्षायादी लागतेच असे नाही. गुणवत्ताक्रम हीच येथील प्रतीक्षायादी. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख ३३ हजार उमेदवारांनी परीक्षा दिली व त्यांपैकी १३ लाखांहून अधिक 'पात्र' ठरले. एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी १ लाख १५ हजारांच्या आसपास होत्या आणि त्यांतील साधारण निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत होत्या. याचा अर्थ, एका जागेमागे अकरा-बारा पात्र उमेदवार होते. 'पात्र' या शब्दाने अनेक कुटुंबांची दिशाभूल होते. पात्रतेने जागा मिळत नाही, रांगेत उभे राहण्याचा अधिकार मिळतो.

जागा वाढल्या नाहीत असे नव्हे. २०१३-१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. अकरा वर्षांत त्या दुपटीहून अधिक झाल्या. परंतु रांगही लांबत गेली. २०१९ मध्ये सुमारे १४ लाख १० हजार उमेदवारांनी 'नीट' दिली होती, त्यात पाच वर्षांत नऊ लाखांहून अधिक भर पडली.

शिवाय ही रांग एक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्यात दिलेल्या निर्णयातून अखिल भारतीय कोट्याची कल्पना पुढे आली आणि राज्यांच्या शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा त्यासाठी राखल्या जाऊ लागल्या. या जागांचे वाटप आरोग्य सेवा महासंचालनालयाची वैद्यकीय समुपदेशन समिती करते. एम्स, जिपमर, केंद्रीय विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे यांच्या जागाही तिच्याकडेच आहेत. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्ये आपापल्या यंत्रणेमार्फत भरतात. आयुर्वेद, होमिओपॅथी आदी अभ्यासक्रमांची प्रक्रिया वेगळी, पशुवैद्यकाची आणखी वेगळी. एकाच गुणपत्रिकेवर एकच विद्यार्थी अशा तीन-चार रांगांत एकाच वेळी उभा असतो आणि प्रत्येक रांगेचे वेळापत्रक निराळे असते. अनिश्चिततेचे मूळ बव्हंशी येथे आहे.

एका रिक्त जागेची साखळी

समजा, दुसर्‍या फेरीच्या तोंडावर दिल्लीच्या एम्समधील एक जागा रिकामी झाली. ती जोधपूरच्या एम्समध्ये असलेल्या विद्यार्थ्याला मिळते. जोधपूरची जागा लखनौच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनीकडे जाते. लखनौची जागा एखाद्या जिल्ह्याच्या नव्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आणि त्याची जागा दंतवैद्यकाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थिनीला मिळते. जागा एकच रिकामी झाली, पण चौघांचे पत्ते बदलले आणि शेवटी दंतवैद्यकाची एक जागा मोकळी राहिली. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ हॅरिसन व्हाइट यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा 'रिक्ततेच्या साखळ्यां'चा अभ्यास मांडला. संस्थांमध्ये माणसे वर सरकतात तेव्हा रिकामी जागा खाली सरकत जाते, हे त्यांचे प्रतिपादन. वैद्यकीय प्रवेशाच्या फेर्‍यांना ते तंतोतंत लागू पडते.

या साखळीतून विद्यार्थ्याच्या उपयोगाच्या दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की, आपल्या पुढे किती जण आहेत यापेक्षा त्यांच्यापैकी किती जणांना दुसरीकडे जागा मिळू शकते, हे अधिक महत्त्वाचे आहे. राज्याच्या यादीत पुढे असलेल्यांपैकी जे अखिल भारतीय कोट्यातून प्रवेश घेतात, ते राज्याच्या रांगेतून बाहेर पडतात. म्हणून केंद्रीय फेरीचा निकाल लागल्यावर राज्याची यादी एकाएकी सरकते आणि त्यानंतर पुन्हा काही आठवडे स्तब्ध राहते. ही स्तब्धता म्हणजे नकार नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, साखळी एकाच यंत्रणेत असेल तर संगणक ती एका फेरीत पूर्ण करतो. पण तिचा पुढचा दुवा दुसर्‍या यंत्रणेत असेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते. फेर्‍या संपल्या की अपुरी साखळी तेथेच तुटते आणि जागा रिकामी राहते. रांगेत माणसे असतानाही जागा रिक्त का राहतात, या वारंवार विचारल्या जाणार्‍या प्रश्नाचे एक उत्तर यात आहे. दुसरे उत्तर अर्थातच शुल्काचे आहे. अनेक अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसचे वार्षिक शुल्क पंधरा ते पंचवीस लाख रुपयांच्या दरम्यान असते आणि तेवढी ऐपत असलेली कुटुंबे फार नाहीत.

जोखीम कोणती, अनिश्चितता कोणती

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये 'जोखीम' आणि 'अनिश्चितता' यांत भेद केला. जिची संभाव्यता मागील अनुभवावरून मोजता येते ती जोखीम. जिची संभाव्यता मोजण्यास आधारच नसतो ती अनिश्चितता. जोखमीचा विमा उतरवता येतो, खर्‍या अनिश्चिततेचा येत नाही. वैद्यकीय प्रवेशाची वाट पाहणार्‍या विद्यार्थ्याच्या वाट्याला दोन्ही एकदम येतात आणि त्यांची गल्लत केल्याने बराच मनस्ताप होतो.

मोजता येणारा भाग पाहू. एखाद्या महाविद्यालयात आपल्या प्रवर्गातील प्रवेश मागील वर्षी कोणत्या फेरीत कोणत्या क्रमांकावर थांबला, ही माहिती जाहीर होते. समजा, एका विद्यार्थिनीचा राज्यातील क्रमांक ४,३५० आहे. ती ज्या महाविद्यालयाकडे डोळे लावून आहे तेथील प्रवेश मागील तीन वर्षांत अखेरच्या फेरीअंती ४,२८०, ४,४२० आणि ४,५१० या क्रमांकांवर थांबला. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) तीनपैकी दोन वर्षांत तिला प्रवेश मिळाला असता. तीन वर्षांच्या अनुभवावरून काढलेली ही संभाव्यता कच्चीच, पण अंदाजाला एक पाया मिळतो. त्या वर्षी राज्यात नवे महाविद्यालय सुरू होत असेल तर तो पाया बळकट होतो.

येथे तुलना क्रमांकांची करावयाची, गुणांची नव्हे. २०२४ मध्ये सर्वोच्च गुण ७२० पैकी ७२० होते, तर २०२५ मध्ये ते ६८६ वर आले. खुल्या प्रवर्गाची पात्रता-मर्यादा या दोन वर्षांत १६२ वरून १४४ वर उतरली. प्रश्नपत्रिका कठीण निघाली की गुणांचे मोल वाढते, सोपी निघाली की घटते. चलनवाढीच्या काळात पगाराचा आकडा वाढूनही पिशवीत भाजी तेवढीच येते, तसेच हे आहे. गुण हे नाममात्र मूल्य आणि क्रमांक हे वास्तव मूल्य. 'मागच्या वर्षी इतक्या गुणांना मिळाले होते', या वाक्यावर घराघरांत जे आडाखे बांधले जातात ते म्हणूनच फसतात.

मोजता न येणारा भाग न्यायालय व धोरण यांच्याकडून येतो. २०२१ ची 'नीट' १२ सप्टेंबरला झाली, परंतु अखिल भारतीय कोट्यातील इतर मागासवर्ग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणावरील खटल्यामुळे केंद्रीय प्रवेशप्रक्रिया जानेवारी २०२२ मध्येच सुरू होऊ शकली. २०२४ मध्ये निकाल ४ जूनला लागला. त्यानंतर १,५६३ उमेदवारांचे वाढीव गुण रद्द होऊन २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा झाली. पेपरफुटीच्या आरोपांवरील सुनावणीअंती २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर बदलल्यामुळे चार लाखांहून अधिक उमेदवारांचे गुण घटले आणि २६ जुलैला सुधारित निकाल आला. पहिल्या निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण होते, सुधारित निकालात असे १७ उरले. या काळात ज्यांनी रोज नवे आडाखे बांधले त्यांच्या हाती काही लागले नाही. ज्या गोष्टीची संभाव्यता मोजताच येत नाही तिच्यावर दिवसाचे चार तास खर्च करणे हा शुद्ध तोटा होय.

थांबण्याची किंमत

फेर्‍यांचे नियम वाचताना विद्यार्थ्यांना ती एक नियमावली वाटते. वास्तविक तो एक दरपत्रक आहे. थांबण्याच्या सवलतीची किंमत फेरीगणिक कशी वाढत जाते, हे त्यात नोंदलेले असते. अलीकडच्या वर्षांतील केंद्रीय प्रक्रियेत पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तरी काही गमवावे लागत नाही. दुसर्‍या फेरीतील जागा नाकारली तर अनामत जप्त होते. ही अनामत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या प्रवर्गात १० हजार व राखीव प्रवर्गांत ५ हजार रुपये, तर अभिमत विद्यापीठांसाठी २ लाख रुपये राहिली आहे. तिसर्‍या फेरीत प्रवेश घेतल्यावर जागा सोडून दुसरी मिळवण्याची वाट बंद होते. तुरळक रिक्त जागांच्या अखेरच्या, म्हणजे 'स्ट्रे व्हेकन्सी' फेरीत जागा मिळूनही न घेणार्‍यास पुढील वर्षीच्या परीक्षेस बसण्यापासून रोखण्याची तरतूद आहे. दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत तपशील बदलू शकतात, राज्यांचे नियमही भिन्न असतात, तेव्हा त्या वर्षीची पुस्तिका वाचण्यास पर्याय नाही. शेजारच्या मुलाच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून अनामत गमावलेल्यांची संख्या थोडी नसावी.

वित्तशास्त्रात 'विकल्प' नावाची संकल्पना आहे. आज थोडी रक्कम भरून उद्या निर्णय घेण्याचा हक्क राखून ठेवणे, असे तिचे स्वरूप. पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर प्रवेश घेऊन पुढील फेरीसाठी 'अपग्रेडेशन'ची संमती देणे हा असाच एक विकल्प आहे. हातची जागा कायम राहते आणि अधिक पसंतीची मिळाली तर तेथे जाता येते. मात्र वरची जागा मिळताच खालची आपोआप रद्द होते, मागे फिरता येत नाही. त्यामुळे ज्या महाविद्यालयात जाण्याची खरोखर तयारी नाही त्याचे नाव हातच्या जागेच्या वर लिहिणे घातक ठरते.

असाच विमा वैद्यकेतर प्रवेशाचाही उतरवता येतो. जीवविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या यांतील एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन ठेवला तर वर्ष रिकामे जात नाही. या विम्याचा हप्ता, म्हणजे भरलेले शुल्क, बुडेल ही भीती पूर्वी रास्त होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण शुल्क आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केल्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून उर्वरित शुल्क परत करण्याचे धोरण जाहीर केले होते. आयोगाच्या कक्षेतील संस्थांना ते लागू होते. अशा वर्षी हा विमा जवळजवळ फुकट पडतो, तरी तो उतरवणारे थोडे.

पुन्हा परीक्षा द्यावी की नाही, हा याच हिशेबाचा पुढचा भाग. २०२२ मध्ये वयाची वरची मर्यादा हटवण्यात आल्यापासून हा पर्याय कायदेशीरदृष्ट्या कितीही वर्षे खुला राहतो आणि नेमकी हीच त्यातली अडचण आहे. एक वर्ष 'वाया जाते' म्हणताना पालकांच्या डोळ्यांसमोर ते चालू वर्ष असते. अर्थशास्त्राच्या हिशेबात ते कारकिर्दीच्या दुसर्‍या टोकाकडून, सर्वाधिक प्राप्तीच्या वर्षांतून वजा होते. त्यात शिकवणीचे शुल्क, कोटा, सीकर किंवा लातूर येथील खोलीभाडे आणि खानावळ यांची भर पडते. तरीही शासकीय व खासगी महाविद्यालयांच्या शुल्कातील दरी एवढी मोठी आहे की थोड्या क्रमांकांनी जागा हुकलेल्या विद्यार्थिनीला दुसरा प्रयत्न परवडू शकतो. फार मागे असलेल्या विद्यार्थ्याला तिसरा आणि चौथा परवडत नाही. 'दोन वर्षे घातली आहेत, आता कसे सोडायचे', हे कारण मात्र हिशेबातून काढूनच टाकावे. झालेला खर्च कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परदेशी महाविद्यालयांचे दलाल फिरू लागतात, त्या वेळी हे भान विशेष लागते. परदेशातून परतल्यावर द्यावयाच्या पात्रता परीक्षेत अलीकडच्या बहुतेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आत राहिले आहे, हे ते दलाल सांगत नाहीत.

पसंतीक्रम खरा लिहावा

१९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शेप्ली या गणितज्ञांनी महाविद्यालयीन प्रवेशाच्या प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला. त्याची सुरुवातच प्रतीक्षायादीने होणार्‍या गोंधळाच्या वर्णनाने होते. विद्यार्थ्याने अर्ज आणखी कोठे केले आहेत आणि तो खरोखर येईल का, हे महाविद्यालयाला ठाऊक नसते, तर वरच्या जागेची आशा किती धरावी हे विद्यार्थ्याला कळत नाही. त्यांनी सुचवलेली रीत सोपी होती. विद्यार्थी पसंतीक्रमाने मागणी करत जातो, महाविद्यालय त्याला तात्पुरता स्वीकार देते आणि अधिक गुणवान उमेदवार आला तरच तो मागे घेते. कोणालाही आणखी मागणी करावयाची उरली नाही की सर्व स्वीकार कायम होतात. शेप्ली यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अल्विन रॉथ यांच्यासमवेत मिळाले. गेल २००८ मध्येच निवर्तले होते.

या रीतीचा एक गुणधर्म विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिच्यात पसंतीक्रम खोटा लिहून विद्यार्थ्याचा फायदा होत नाही. गुणवत्तेच्या एकाच क्रमावर जागा वाटल्या जातात तेथेही एका फेरीपुरते हेच खरे. 'वरचे मिळणार नाही, म्हणून ते लिहूच नये', हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. न मिळणारी पसंती वर लिहिल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. क्रम आपल्या आवडीचा लिहावा, अंदाजाचा नको. अंदाज वापरायचा तो यादी किती लांब ठेवावी हे ठरवताना.

मधले महिने

२०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना हातावर सौम्य विद्युत झटका बसेल की नाही याचा अंदाज करावयाचा होता. झटका निश्चित बसणार हे ठाऊक असताना त्यांच्यावर जो ताण होता त्याहून अधिक ताण तो बसण्याची शक्यता निम्मी असताना आढळला. प्रतीक्षेतील विद्यार्थ्याची मनःस्थिती यावरून समजू शकते. नापास झालेल्याचे घर आठवड्याभरात सावरते, काठावर असलेल्याचे सावरत नाही. घरातील प्रत्येक फोन, प्रत्येक पाहुणा 'काय झाले?' एवढेच विचारतो.

ताण निम्म्या शक्यतेवर सर्वाधिक असेल तर तो कमी करण्याचा मार्ग शक्यतेचे आकडे पुन्हा पुन्हा तपासणे हा नाही, निर्णयाचे प्रसंग कमी करणे हा आहे. अमुक फेरीपर्यंत थांबायचे, अमुक तारखेला जे हाती असेल ते स्वीकारायचे, शुल्काची अमुक रक्कम ओलांडायची नाही, हे पहिल्या फेरीपूर्वी शांतपणे ठरवून कागदावर लिहिणे उपयुक्त ठरते. भर डिसेंबरात, निकालाच्या संकेतस्थळासमोर बसून घेतलेला निर्णय क्वचितच चांगला असतो. आणि मन फारच खचले असेल तर शासनाची 'टेली-मानस' ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध करण्यात आली आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते.

यंत्रणेची बाजू

सर्व भार विद्यार्थ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. अभियांत्रिकीत आयआयटी आणि एनआयटी यांच्या प्रवेशप्रक्रिया २०१५ पूर्वी वेगवेगळ्या होत. एकच विद्यार्थी दोन्हीकडे जागा अडवून बसे आणि त्यांतील एक उशिरा सोडत असे. २०१५ पासून संयुक्त जागावाटप सुरू झाले आणि ही दुहेरी अडवणूक थांबली. वैद्यकीय प्रवेशात केंद्र आणि राज्ये यांच्या प्रक्रिया एकमेकींशी माहितीची देवाणघेवाण करतात, परंतु त्या एक नाहीत. आरोग्यशिक्षण हा केंद्र आणि राज्ये दोहोंच्या अधिकारातील विषय असल्याने, प्रत्येक राज्याचे अधिवासाचे निकष व आरक्षण निराळे असल्याने हे एकत्रीकरण सोपेही नाही. तोवर वेळापत्रकांचा मेळ घालणे एवढेच हाती उरते.

संसदेत देण्यात आलेल्या माहितीनुसार एमबीबीएसच्या रिक्त राहिलेल्या जागा २०२२-२३ मध्ये चार हजारांवर होत्या. २०२३-२४ मध्ये त्या तीन हजारांच्या किंचित खाली आल्या. २०२४-२५ मध्ये, डिसेंबरअखेरची ती विशेष फेरी होऊनही, आकडा २,८०० च्या खाली गेला नाही.